पाण्याचा म्हातारा
(रात्रीच्या साक्षरता वर्गात झालेले भाषण)



आज आम्ही तुम्हांला एका झाडाची हकीकत सांगणार आहोत. झाड फार दूरचे आहे. सातासमुद्रापलीकडे मेक्सिको नावाचा देश आहे, तिथले. तुम्ही म्हणाल, इतक्या दूरच्या झाडाशी आमचं काय काम? आपल्या बांधावरची झाडं काय कमी आहेत?

बरोबर आहे. पण आधी एक सांगा. आज भाकरीबरोबर ठेचा खाल्लात ना? ती मिरची मूळची कुठली? मेक्सिकोकडची. सुमारे पाचशे वर्षांपूर्वी पोर्तुगीज लोकांनी ती जहाजातून आपल्या देशात आणली. मका? तोही तिकडचाच. तेव्हा हा देश काही अगदीच परका नाही. रोज आपल्या ताटात आहे.

त्या देशाचा मधला भाग म्हणजे एक मोठे पठार आहे. आपल्या देशावरच्यासारखेच, पण पुष्कळ उंच. आपले महाबळेश्वर समुद्रापासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. मेक्सिको शहर सुमारे २,२४० मीटर उंचीवर वसले आहे. पावसाची तऱ्हा मात्र आपल्यासारखीच. उन्हाळ्याच्या अखेरीला पाऊस सुरू होतो, चार-पाच महिने पडतो आणि जातो. मग आभाळ कोरडे. या पठारावर डोंगरांच्या मधून नद्या वाहतात. त्या नद्यांच्या काठी, झऱ्यांच्या तोंडाशी, दलदलीच्या कडेला हे झाड वाढते.

झाडाचे नाव आहे आवेवेते. सावकाश वाचा. आ-वे-वे-ते. तिथल्या जुन्या लोकांच्या भाषेतले हे नाव. त्याचा एक अर्थ सांगतात तो असा: पाण्याचा म्हातारा.

नाव ऐकून आमच्या वर्गातल्या एका आजोबांनी विचारलं, “पाण्याचा म्हातारा का? नुसता म्हातारा का नाही?” प्रश्न फार चांगला होता. आजचे सगळे भाषण म्हणजे त्या प्रश्नाचेच उत्तर आहे.

झाड दिसते कसे?

बागांमध्ये मनोऱ्यासारखी सरळ वाढलेली हिरवीगार झाडं तुम्ही पाहिली असतील. त्यांना सरू म्हणतात, सायप्रस असेही म्हणतात. कोकणच्या किनाऱ्यावरचा सुरू तो निराळा. आवेवेते हे या सरूच्या कुळातले झाड. पण बागेतल्या सरूसारखे ते सडपातळ राहात नाही. ते पसरते. वडासारखा घेर धरते. मात्र वडासारख्या पारंब्या त्याला नसतात. जे काही वाढते ते बुंध्यातच वाढते.

पाने बारीक, पिसासारखी. एक-दोन सेंटिमीटर लांबीची. फळ म्हणावे असे त्याला येत नाही. देवदाराला येतात तसे लहान गोल बोंड येते. ते फुटले की बी खाली पडते. बी पाण्याबरोबर वाहात जाते आणि ओल्या मातीत रुजते. ओल नसेल तर रुजत नाही. म्हणजे जन्मापासूनच या झाडाची नाळ पाण्याशी जोडलेली.

१८२१ साली मेक्सिको देश स्वतंत्र झाला. त्याला शंभर वर्षे झाली तेव्हा, १९२१ साली, तिथल्या लोकांनी एक झाड आपल्या देशाचे झाड म्हणून निवडले. आपण जसा वड निवडला, तसे त्यांनी आवेवेते निवडले.

तुले गावचे झाड

मेक्सिकोच्या दक्षिण भागात वाहाका नावाचे शहर आहे. तिथून नऊ-दहा किलोमीटरवर तुले नावाचे एक लहान गाव आहे. गावात एक देऊळ आहे, ख्रिस्ती लोकांचे. देवळाच्या अंगणात एक आवेवेते उभे आहे. हे झाड जगात प्रसिद्ध आहे. का? तर जगातल्या सगळ्या झाडांमध्ये याचा बुंधा सर्वांत जाड समजला जातो.

किती जाड? बुंध्याचा घेर सुमारे ४२ मीटर आहे. म्हणजे जवळजवळ १३८ फूट. आकडा सांगून नीट कळायचे नाही. असं करा. तीस माणसं उभी करा. सगळ्यांनी हात पसरून एकमेकांचे हात धरायचे आणि गोल करायचा. त्या गोलाच्या आत हा बुंधा जेमतेम मावेल. उंची मात्र त्या मानाने बेताची. सुमारे ३५ मीटर.

इतका जाड बुंधा पाहून पुष्कळांना शंका आली. हे एक झाड नसेल, दोन-तीन झाडं वाढता वाढता एकमेकांत मिसळली असतील. १९९० च्या दशकात शास्त्रज्ञांनी झाडाच्या निरनिराळ्या भागांचे नमुने घेऊन तपासले. निकाल काय लागला? झाड एकच आहे. सगळ्या फांद्या एकाच आईच्या.

आणि वय? जगात तेवढं मोठं झाड म्हटल्यावर वयाबद्दल हजार गोष्टी निघणारच. कुणी म्हणतं बाराशे वर्षं, कुणी म्हणतं तीन हजार. जाणकार लोक साधारणपणे चौदाशे ते सोळाशे वर्षे धरतात. त्या भागात झापोतेक नावाचे जुने लोक राहतात. ते सांगतात की सुमारे चौदाशे वर्षांपूर्वी वाऱ्याच्या देवाच्या एका पुजाऱ्याने हे झाड लावले. ती त्यांची श्रद्धेची गोष्ट. पण हिशेब पाहा, जाणकारांच्या हिशेबाच्या जवळ येतो.

सालीवर गाठी, खाचा, फुगवटे पुष्कळ आहेत. त्यांत लोकांना चित्ता दिसतो, हत्ती दिसतो, आणखी काय काय दिसते. गावातली शाळकरी मुलं पाहुण्यांना ही चित्रं दाखवतात. हातात आरसा घेतात, उन्हाचा कवडसा झाडावर पाडतात आणि सांगतात, “तो पाहा हत्ती!”

आता गावाच्या नावाकडे या. आपल्याकडे वडगाव आहे, पिंपळगाव आहे, उंबरगाव आहे. तसेच हे गाव. तुले म्हणजे पाण्यात उगवणारा लव्हाळा. एके काळी तिथे दलदल होती, लव्हाळा माजला होता. त्यावरून गावाला नाव पडले. त्या ओलीतच हे झाड वाढले.

पुढे काय झालं? लोकवस्ती वाढली. शेती वाढली. जमिनीतलं पाणी उपसलं जाऊ लागलं. दलदल गेली. कितीतरी वडगावांत आज वड नाही, नाव तेवढं उरलं आहे. तुलेचंही तसंच झालं. शेजारून मोठा रस्ता गेला. १९९० साली बातमी आली की झाड हळूहळू मरत आहे. पाण्याची तूट, धूर आणि रहदारी यांमुळे मुळांना इजा झाली होती. जवळच्या रस्त्यावरून तेव्हा दररोज सुमारे ८,००० गाड्या जात होत्या.

विचार करा. चौदाशे वर्षं वारा सोसला, विजा सोसल्या, राजे आले, गेले. झाड हललं नाही. आणि पायाखालची ओल सरकली तसं ते आजारी पडलं.

गावाने ते मनावर घेतलं. झाडाभोवती कुंपण घातलं, म्हणजे लोकांच्या पायांनी मुळांवरची माती दबणार नाही. सुकलेल्या फांद्या काढल्या. मुळांना पाणी द्यायची सोय केली. गाव दर वर्षी ऑक्टोबर महिन्यात झाडाचा उत्सव करते. झाड आजही हिरवे आहे. पण पूर्वी त्याला पाणी जमीन देत होती, आता माणसांना द्यावे लागते. एक दिवस विसरून चालत नाही.

जे झाड वाचले नाही

दुसरी हकीकत मेक्सिको शहरातली. शहरात एक टेकडी आहे. तिचे नाव चापुल्तेपेक. म्हणजे नाकतोड्यांची टेकडी. टेकडीच्या पायथ्याशी गोड्या पाण्याचे झरे होते. तिथून जुन्या काळी शहराला पाणी जात असे. त्यासाठी पाट बांधला होता. पाटात दोन नळ्या शेजारी शेजारी होत्या. एक साफ करायला घेतली की पाणी दुसरीतून सोडायचे. पाचशे वर्षांपूर्वीचे हे शहाणपण!

त्या भागात एक राजा होऊन गेला. त्याचे नाव नेसावालकोयोत्ल. नाव लांबलचक आहे, दोनदा वाचा म्हणजे जमेल. हा राजा १४०२ साली जन्मला आणि १४७२ साली वारला. तो कवी होता. पाण्याची कामं करण्यात तरबेज होता. त्याला आवेवेते झाडांची फार आवड. चापुल्तेपेकच्या झऱ्यांजवळ त्याने ही झाडं लावून घेतली असं सांगतात. त्यांतलं एक फार मोठं झालं. पुढे तिथल्या लष्करी शाळेतल्या मुलांनी त्याचं नाव सार्जंट ठेवलं. पहाऱ्यावर उभा असलेला शिपाई जसा.

मग शहर वाढलं. लाखांची वस्ती झाली. झऱ्याचं पाणी पुरेना, म्हणून जमिनीखालचं पाणी उपसायला सुरुवात झाली. इतकं उपसलं की खालची चिखलमाती सुकून आकसली आणि वरचं शहरच खाली बसू लागलं. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत शहराचे काही भाग नऊ मीटरांहून अधिक खचले आहेत. म्हणजे जवळजवळ तीस फूट. देवळं कलली, घरांना भेगा पडल्या. चापुल्तेपेकचे झरेही आटले.

झरे आटले तशी सार्जंटच्या मुळांखालची ओल गेली. १९६९ साली तो शिपाई वाळला. सुमारे पाचशे वर्षांचं आयुष्य संपलं. त्याचं खोड अजून तिथे उभं आहे. लोक येतात, पाहतात. पण त्याला पालवी नाही.

त्याच्यावर कुणी कुऱ्हाड चालवली नाही, बरं का. कुणी आग लावली नाही. त्याच्या खालचं पाणी गेलं, एवढंच झालं. कुऱ्हाड दिसते, म्हणून आपण ओरडतो. पाणी जातं ते दिसत नाही.

नुसते झाड लावून होते का?

आता कुणी म्हणेल, एक झाड गेलं तर दुसरं लावावं. तेही झालं. त्याच मेक्सिको शहरात एका मोठ्या रस्त्याच्या चौकात एक जुना ताड होता. त्याला रोग लागला. २०२२ साली तो काढला. तिथे कोणते झाड लावावे, असे लोकांना विचारले. लोकांनी सांगितले, आवेवेते लावा. मग दूरच्या रोपवाटिकेतून वाढलेले झाड गाडीवर घालून आणले आणि जून महिन्यात समारंभाने लावले.

चौकाच्या चारी बाजूंना डांबरी रस्ता. रात्रंदिवस गाड्यांचा धूर. नदी नाही, झरा नाही. झाड रोडावलं, पानं सुकू लागली. माणसांनी पुष्कळ धडपड केली. अखेर २०२३ साली ते काढून त्या जागी दुसरे आवेवेते आणून लावावे लागले.

यात हसण्यासारखं काही नाही. आपल्याकडेही आषाढात खड्डे खणतात, रोपं लावतात, फोटो काढतात. चैत्रात जाऊन पाहा, खड्डा असतो, रोप नसतं. लावणाऱ्याची हौस खोटी नसते. पण पुढचे तीन उन्हाळे पाणी कोण घालणार, हे ठरवलेलं नसतं. आणि कोणतं झाड कोणत्या जागेचं, हे पाहिलेलं नसतं. नदीकाठचं झाड माळावर लावलं तर ते माळाला दोष देत नाही. मुकाट्यानं मरतं.

झाडाने लिहून ठेवलेली वही

शेवटची हकीकत सर्वांत नवलाची. केरेतारो नावाच्या भागात आमेआल्को नावाची एक खोल दरी आहे. दरीत ओढा वाहतो आणि ओढ्याकाठी जुनी आवेवेते आहेत. डेव्हिड स्टाले नावाचे एक अमेरिकन शास्त्रज्ञ आणि त्यांचे साथीदार तिथे गेले. ते झाडाचे वय मोजणारे लोक.

वय कसं मोजतात? सुताराला विचारा. आडवं कापलेलं खोड पाहिलं की त्यात गोल गोल वळी दिसतात. झाड दर वर्षी एक वळं घालतं. पाऊस चांगला झाला तर वळं जाड, पाऊस ओढला तर बारीक. या शास्त्रज्ञांनी झाड कापलं नाही. पोकळ गिरमिटाने खोडातून पेन्सिलीएवढी बारीक कांडी काढली. तेवढ्याने झाडाला धोका होत नाही. त्या कांडीवरच्या रेघा मोजल्या, एकमेकींशी ताडून पाहिल्या.

काय निघालं? सन ७७१ पासून सन २००८ पर्यंत, एका वर्षाचाही खंड न पडता, १,२३८ वर्षांचा हिशेब निघाला. त्या देशात जून महिन्यात, म्हणजे पेरणीच्या दिवसांत, कोणत्या वर्षी जमिनीत ओल होती आणि कोणत्या वर्षी नव्हती, ते कळलं. २०११ साली त्यांनी हे जगापुढे मांडलं.

त्या हिशेबात मोठमोठे दुष्काळ दिसतात. एक दिसतो ११४९ ते ११६७ सालचा. एकोणीस वर्षं! त्याच सुमाराला तिथलं टोल्टेक लोकांचं मोठं राज्य मोडलं. दुसरा १५१४ ते १५३९ सालचा. त्याच काळात, १५२१ साली, स्पेनच्या सैन्याने तिथल्या आस्तेक लोकांची राजधानी जिंकली. राज्यं केवळ दुष्काळाने मोडली असं कुणी म्हणत नाही. लढाया होत्या, रोगराई होती. पण ज्या घरात धान्य नाही, ते घर लवकर खचतं, हे आम्ही तुम्हांला काय सांगावं?

१९७२ चा दुष्काळ तुमच्यातल्या म्हाताऱ्या माणसांनी पाहिला आहे. खडी फोडली, सुकडी खाल्ली, जनावरं सोडून दिली. एका मावशींनी आम्हांला सांगितलं, “त्या साली आमची विहीर पहिल्यांदा तळाला गेली. तोवर तळ कुणी पाह्यला नव्हता.” ही गोष्ट त्या मावशींच्या डोक्यात आहे. कागदावर कुठे आहे? मावशी गेल्या की ती गोष्टही जाणार. झाडाच्या पोटात मात्र त्या सालाचं बारीक वळं असेल.

आपले काम

आता आजोबांच्या प्रश्नाकडे येऊ. “पाण्याचा म्हातारा का?” कारण त्याचं म्हातारपण पाण्यानं दिलेलं आहे. जिथे पाणी टिकलं तिथे तो हजार वर्षं टिकला. जिथे पाणी गेलं तिथे राजाचं झाडही वाळलं. एवढं मोठं जुनं झाड हिरवं दिसलं तर समजावं, या जागी कैक पिढ्यांचं पाणी शाबूत आहे. ते शेंड्याकडून सुकू लागलं तर समजावं, खाली काही तरी बिघडलं आहे. अशा वेळी झाडाच्या आधी आपली विहीर पाहावी.

आवेवेते आपल्याकडचं नाही. ते आणून लावा, असं आमचं सांगणं नाही. आपल्या नदी-ओढ्यांच्या काठी आपली झाडं आहेत. अर्जुन आहे, करंज आहे, उंबर आहे, जांभूळ आहे. यांची मुळं काठाची माती धरून ठेवतात. पुराचं पाणी आलं तरी काठ ढासळत नाही. वाळूसाठी पात्र खरवडलं, सरपणासाठी काठ उघडा केला, तर ओढ्याचं पाणी पावसाळ्यात धावत येतं आणि धावत निघून जातं. म्हणून काठाचं झाड तोडताना दहा वेळा विचार करावा. आणि नवं लावायचं तर पाणी कुणाच्या घरून, कोणत्या दिवशी, हे आधी ठरवून मग खड्डा खणावा.

आणखी एक काम आहे. ते फक्त तुम्हीच करू शकता.

पुढच्या वर्गाला येण्याआधी गावातलं सर्वांत जुनं झाड शोधा. सोबत सोल न्या, म्हणजे दोर. छातीएवढ्या उंचीवर बुंध्याभोवती गुंडाळा आणि किती हात भरला ते मोजा. म्हाताऱ्या माणसांना विचारा, हे झाड तुमच्या लहानपणी केवढं होतं? जवळची विहीर पाहा. वैशाखात तिच्यात किती परस पाणी असतं, पूर्वी किती असे, तेही विचारा. मग वहीत लिहा. झाडाचं नाव, जागा, घेर, विहिरीचं पाणी आणि आजची तारीख. अक्षर वेडंवाकडं आलं तरी चालेल. पुढच्या वर्षी त्याच दिवशी पुन्हा मोजा, त्याच्याखाली लिहा.

आमेआल्कोच्या झाडाने बाराशे वर्षं दर साली एक ओळ लिहिली. त्याला वाचता येत नव्हतं. तुम्हांला आता वाचताही येतं आणि लिहिताही येतं. मग तुम्ही मागे का राहावं?

येत्या बुधवारी वह्या घेऊन या. आम्ही वाट पाहतो.

राम राम.